दादांच्या हसण्याला कोणता कॅमेरा

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास मुखेडमध्ये माझे वडील हसले. घटनेला दोन साक्षीदार आहेत. एक माझी बायको विशाखा आणि दुसरे शेजारचे मन्मथअप्पा. अप्पांमुळेच ते हसले. त्या वेळी मी आतल्या खोलीत मोबाइलवर व्हिडिओ पाहत होतो. खिशात मावणारा कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यावा की सुरुवातीच्या किमतीतला मिररलेस, असा त्या व्हिडिओचा विषय होता. ज्या कामासाठी मला कॅमेरा हवा होता, ते काम तेवढ्यात अंगणात होऊन गेलं.

विशाखाची हाक ऐकून मी धावत बाहेर आलो. दादा खुर्चीत बसलेले. चेहरा रोजचाच.

"कधी हसले?"

"आत्ता. तुम्ही चपला शोधत होता तेव्हासुद्धा हसत होते."

"किती वेळ?"

"मी काय घड्याळ लावून बसले होते?"

प्रकार असा घडला. अप्पांची आणि आमची स्कूटर एकाच रंगाची, एकाच वयाची. या वयाच्या स्कूटरला कुठलीही चावी लागते. अप्पा आमच्या स्कूटरला आपली समजून किका मारत होते. स्कूटर आडवी केली, उभी केली, कंपनीच्या खानदानाचा उद्धार केला, आणि घाम पुसायला मान वळवली तर त्यांची स्वतःची स्कूटर भिंतीला टेकून हे सगळं पाहत होती. तेव्हा दादा हसले. त्यांना हसताना पाहून अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं विशाखा सांगते. घाम होता, असं अप्पा सांगतात.

दादांच्या हसण्याला साक्षीदार का लागतात, ते सांगितलं पाहिजे.

माझे वडील ग्यानोबा सोनकांबळे एसटीत कंडक्टर होते. त्यांची सगळी नोकरी मुखेड–जळकोट गाडीवर झाली. त्यांचं हसणं शेवटच्या बाकावर सुरू झालं की ड्रायव्हर आरशात बघायचा. जागेवरून दोन माणसं हमरीतुमरीवर आली की दादा मध्ये उभे राहून असे हसायचे की दोघंही लाजून उभ्यानं प्रवास करायचे आणि ती जागा एखाद्या म्हातारीला मिळायची. मी पत्रकार झाल्यावर तालुक्यात कुठंही गेलो तरी माझ्या वर्तमानपत्राचं नाव कुणी विचारत नसे. "त्या हसणाऱ्या कंडक्टरचा पोरगा का?" एवढीच माझी ओळख.

पण त्या हसण्याचा एकही फोटो घरात नाही. फोटो म्हटलं की दादा शर्टाचं गळ्याचं बटण लावायचे, हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि तोंड घट्ट मिटायचे. आमच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. फोटोतले बाबासाहेब हसत नाहीत, मग आपण कोण हसणार, असा त्यांचा सरळ विचार. बुद्ध थोडे हसतात, असं मी एकदा म्हणालो. "ते बुद्ध हायेत," दादा म्हणाले. विषय संपला.

मग कंपवात झाला. हाताची थरथर आम्ही धरून चाललो होतो. चेहऱ्याचं कुणी सांगितलं नव्हतं. दादांचा चेहरा हळूहळू हलायचा थांबला. आम्हाला वाटलं, रागावलेत. माझी आई, पार्वतीबाई, आमची माय, तिनं तर काही दिवस त्यांच्याशी अबोला धरला. शेवटी लातूरच्या डॉक्टरांनी समजावलं. "त्यांना हसू येतं. चेहऱ्यापर्यंत पोचायला उशीर लागतो. पुढेपुढे कदाचित पोचणारही नाही." बाहेर आल्यावर दादा म्हणाले, "म्हंजे गाडी निघती, पर फाट्यावर येत न्हाई." मी त्यांच्याकडे पाहिलं. हा विनोद होता की तक्रार, ते चेहऱ्यावरून कळायचा मार्ग बंद झाला होता.

हसू पोचायचं कायमचं थांबण्याआधी त्याचा एक फोटो काढायचा, असं मी त्या दिवशी ठरवलं. एवढंच काम. त्याला मी चार महिने लावले.

मोबाइल असताना कॅमेरा कशाला, हा प्रश्न मला गल्लीतल्या प्रत्येकानं विचारला आहे. त्याचं उत्तर पेन्शनमध्ये आहे. पेन्शन चालू ठेवायची तर दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. आता तो मोबाइलवर देता येतो. समोर चेहरा धरायचा आणि डोळ्यांची उघडझाप करायची. या आजारात पापण्याही आळशी होतात. बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर सेंटरमधला पोरगा दादांपुढे फोन धरून दमला. "काका, मिचकवा. अजून एकदा. जोरात." शेवटी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं जाहीर केलं, "मशीन काकांना जित्तं धरून न्हाई राहिली."

मग आम्ही कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "पेन्शनर स्वतः हजर आहेत का?" मी दादांकडे बोट दाखवलं. बाईंनी दादांकडे पाहिलं आणि पुन्हा मला विचारलं, "पण स्वतः आहेत ना?" दुपारी साहेब आले आणि त्यांच्या सहीनं दादा जिवंत झाले. घरी आल्यावर दोन महिने दादा रोज सकाळी डोळे मिचकवायचा सराव करत होते. तेव्हापासून कुणीही त्यांच्यापुढे मोबाइल धरला की ते सगळा जीव पापण्यांत गोळा करून डोळे मिटतात. नातेवाईक येतात, सेल्फी काढतात. माझ्या मोबाइलमध्ये दादांचे जेवढे फोटो आहेत, त्या सगळ्यांत ते आपण जिवंत असल्याचं सिद्ध करत आहेत.

तेव्हा मोबाइल बाद. कॅमेरा हवा.

आमच्या गल्लीत एखाद्याला काही विकत घ्यायचं आहे ही बातमी माझ्या वर्तमानपत्राच्या आधी पोचते. मन्मथअप्पा मार्केट कमिटीतून निवृत्त झालेले. माल पारखण्याचा त्यांचा अनुभव सोयाबीन आणि तुरीचा. तो त्यांनी कॅमेऱ्याला लावला.

"मिररलेस म्हंजे काय?"

"आधीच्या मोठ्या कॅमेऱ्यात आत आरसा असायचा अप्पा, यात नसतो."

"मंग एक वस्तू कमी दिली की वो. भाव कामून जास्त?"

"त्यामुळेच तो हलका होतो."

"कमी भरलेलं पोतं बी हलकंच ऱ्हातं. घिऊ नगा."

विशाखा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दादांना, म्हणजे सासऱ्यांना, ती मामा म्हणते. तिचं मत तिनं एकदाच सांगितलं आणि फळ्यावर लिहिल्यासारखं ते तिथंच राहिलं. "लहान घ्या. खिशात राहील. मोठा आणाल तर तो कपाटात राहील आणि मामा अंगणात राहतील."

तिसरं मत मृत्युंजयचं. त्याचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याच दुकानात तो फ्लेक्स छापतो. दादांना घेऊन मी त्याच्याकडे गेलो.

"मिररलेसच घ्या सर. कॉम्पॅक्टचा फोटो फ्लेक्सवर फाटतो."

"कसला फ्लेक्स?"

मृत्युंजयच्या लक्षात आलं. त्यानं इकडं तिकडं पाहिलं. दुकानात चारी बाजूंनी श्रद्धांजल्याच टांगलेल्या होत्या. "म्हणजे... काकांच्या वाढदिवसाचा."

बाकावरून दादा म्हणाले, "माजा वाढदिवस कवा असतो, तुला म्हाईत हाय का?"

"न्हाई काका."

"मला बी न्हाई. मंग दुसऱ्याच कामाचा म्हन की."

मृत्युंजयला हसावं की माफी मागावी कळेना. पूर्वी दादा स्वतःच आधी हसून समोरच्याला परवानगी द्यायचे. आता ते विनोद करतात आणि समोरचा माणूस उघडा पडतो.

डॉक्टरांकडे जायचं होतंच, तेव्हा लातूरच्या दुकानात दोन्ही कॅमेरे दादांवरच तपासून पाहावेत, असा बेत मी केला. ज्याच्यासाठी वस्तू घ्यायची त्याच्यावरच ती तपासावी, हे मला फार शास्त्रीय वाटलं. दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला. जळकोटमार्गे एसटीनं गेलो. वाटेत एका बाईनं त्यांना ओळखलं आणि ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "तुमचे वडील आता लई गुर्मीत ऱ्हातात व्हय? मी हसले तर वळख बी दिली न्हाई." मी तिला आजाराचं सांगायला लागलो तोवर तिचा फाटा आला.

दुकानात शिवांगी नावाची मुलगी होती. कॉम्पॅक्ट आता फार कुणी करत नाही, आमच्याकडेही हा एकच आहे, असं तिनं सुरुवातीलाच सांगितलं. आधी तिनं मिररलेस उचलला. ते भिंग, तो पट्टा, तो रुबाब पाहून दादांचा हात गळ्याच्या बटणाकडे गेला. थरथरत्या बोटांनी बटण लागायला वेळ लागला. आम्ही थांबलो. हात गुडघ्यांवर गेले.

"काका, थोडं हसा ना."

दादा तिच्याकडे पाहत राहिले.

"काका, छान हसा. एकदाच."

"हसूनच राहिलो की, बाई."

शिवांगीनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं, मग कॅमेरा खाली घेऊन दादांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काउंटरवरचं माहितीपत्रक वाचू लागलो. ते जपानी भाषेत होतं. तिनं मग कॅमेरा ठेवला आणि चहा मागवला.

दादा बशीतून चहा पीत असताना तिनं तो लहान कॅमेरा मुठीत लपवून त्यांचा फोटो काढला. दादांना कळलंही नाही. फोटोत बशी उत्तम आली होती आणि बशीच्या वर कपाळ. "हा जरा थांबतो सर," ती म्हणाली. "उजेड कमी असला की विचार करत बसतो."

म्हणजे पेच असा होता. मोठा कॅमेरा वेगवान, एका दमात वीस-पंचवीस फोटो काढणारा, पण तो दिसला की दादा पुतळा होतात. लहान कॅमेरा त्यांना दिसत नाही, पण त्यानं काढेपर्यंत हसू येऊन जाणार. शहाण्या माणसानं तिथंच काहीतरी उचललं असतं. मी मात्र एका सूत्रावर बातमी देऊ नये या शिस्तीतला. आम्ही हात हलवत मुखेडला परतलो आणि मी दुसरं सूत्र शोधायला लागलो. रोज सकाळी एक व्हिडिओ. एक म्हणे लहान, दुसरा म्हणे मोठा, तिसरा म्हणे तुमची गरज ओळखा. "मामांचं हसू तुमच्या आवृत्तीसाठी थांबणार आहे का?" विशाखानं विचारलं. मी म्हणालो, घाईत चुका होतात.

आणि मग तो रविवार आला.

सोमवारी दुकान उघडताच मी लातूरला फोन केला. माझा निर्णय झाला होता. लहान. उशिरा का होईना, खिशात असलेला कॅमेरा. शिवांगी म्हणाली, "तो शनिवारीच गेला, सर. पुढचा येईल का, सांगता येत नाही." इतक्या अभ्यासाचा निकाल असा दुकानातल्या मालानं लावला. मी मिररलेस आणला.

दादांचा हात बटणाकडे गेला. अपेक्षित होतं. यावर मी उपाय काढला आणि पुढचं सगळं त्या उपायामुळे झालं. कॅमेरा अंगणात स्टँडवर कायमचा उभा करायचा, दादांच्या खुर्चीसमोर. रोज दिसला की सवय होईल, सवय झाली की विसर पडेल. सकाळी मी तो बाहेर ठेवायचो, रात्री आत घ्यायचो, दुपारी ऊन लागू नये म्हणून माय त्यावर आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकायची. दादांना खरंच सवय झाली. आठ-दहा दिवसांत त्यांचं बटण उघडं राहू लागलं.

सवय झाली नाही ती गल्लीला. आमचं अंगण रस्त्याला लागून आहे. पत्रकारानं गल्लीवर कॅमेरा लावला, असं सगळीकडे झालं. मन्मथअप्पा दूध आणायला इस्त्रीच्या कपड्यांत जाऊ लागले. नळावर बायका भांडायच्या बंद झाल्या, एकमेकींना "आधी तुम्ही भरा, ताई" म्हणू लागल्या. कोपऱ्यावरचा पत्त्यांचा डाव उठला. ज्या गल्लीच्या गोंधळाला दादा हसतील अशी आशा होती, ती गल्ली कॅमेऱ्यापुढे येताच आवाज उतरवून चालू लागली. दादा दिवसभर बसायचे. समोरून सभ्य माणसं जायची. हसण्यासारखं काहीही घडत नव्हतं.

मग नगरपरिषदेत अर्ज गेला. सार्वजनिक रस्त्याचं विनापरवानगी चित्रीकरण. खाली गल्लीतल्या लोकांच्या सह्या. दुसरी सही अप्पांची होती. मी जाब विचारला तर म्हणाले, "समद्यांनी केली, मंग मी एकटा कसा सुटू? तुमी बी करा म्हनतो." माझ्या विरुद्धच्या अर्जावर मी सही करावी, हा शेजारधर्म त्यांना अगदी योग्य वाटत होता. परगावच्या एका वर्तमानपत्रानं आतल्या पानावर चौकट छापली, "पत्रकाराच्या तिसऱ्या डोळ्याने नागरिक हैराण". मथळा वाईट नव्हता. मी दिला असता तर 'त्रस्त' घातलं असतं.

परवा, मंगळवारी, चौकशीला नगरपरिषदेचे साहेब आले. फाइल काखेत, चेहरा शासकीय. मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी दादांकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. काहीतरी लिहिलं. मग पेन खिशाला लावून हळूच म्हणाले, "फोटो चांगला येतो का हो यात?"

"येतो साहेब."

"मग आमचा एक काढता का? प्रोफाइलला चांगला नाही."

चौकशी अधिकाऱ्याला नाही कसं म्हणणार. मी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. साहेबांनी कंगवा काढला, भांग पाडला, फाइल पोटावर धरली, श्वास ओढून घेतला आणि तो तसाच धरून उभे राहिले. माय दारात तांदूळ निवडत होती.

"साहेब," ती म्हणाली, "सोडा आता. फुटसाल."

साहेबांचा श्वास सुटला, फाइल पडली, कागद अंगणभर. आणि मागून तो आवाज आला. जळकोटच्या गाडीतला. लहान झालेला, घशातच राहणारा, पण तोच. अप्पा गेटमध्ये होते, त्यांनी ऐकला. विशाखा आतून पळत आली. मी कॅमेरा दादांकडे फिरवला आणि बटण दाबून धरलं. कॅमेरा धडाधड फोटो काढत राहिला. दादांचे खांदे हलत होते. आवाज बंद होईपर्यंत मी बोट उचललं नाही. साहेब कागद गोळा करता करता थांबून बघत होते. त्यांनी पुढं अहवालात काय लिहिलं, ते कळलेलं नाही.

संध्याकाळी टीव्हीला कॅमेरा जोडून अप्पांसकट आम्ही सगळ्यांनी फोटो पाहिले. पहिला पाहिला. दुसरा. दहावा. सगळे स्वच्छ, उजेड नेमका, मृत्युंजय म्हणतो त्याप्रमाणे कितीही मोठ्या फ्लेक्सवर फाटणार नाहीत असे. प्रत्येकात दादा. प्रत्येकात तोच थांबलेला चेहरा. ओठ मिटलेले नाहीत, उघडलेलेही नाहीत. नजर सरळ. लातूरच्या दुकानात शिवांगीला पडद्यावर दिसला होता, तसाच चेहरा, फक्त पुष्कळ वेळा.

अप्पा उठले आणि उगाचच आपली चप्पल सरळ करून आले. "आवाज तर आलता की हो," ते म्हणाले. "मी शपथेवर सांगतो." विशाखा पुन्हा पुन्हा मागे-पुढे करून पाहत होती.

"थांब," माय म्हणाली. "मागं घी. अजून एक मागं. हां, ह्यो."

"या फोटोत काय आहे, माय?"

"हसून राहिलेत की."

मी टीव्हीजवळ गेलो. त्याच्या आधीचा लावला, नंतरचा लावला, पुन्हा तो लावला. तिन्हींत मला फरक सापडला नाही. दुसऱ्या दिवशी मृत्युंजयनं कॉम्प्युटरवर मोठा करून डोळे, गाल, ओठ तपासले. त्यालाही सापडला नाही. मायला मी आणखी दोनदा सगळे फोटो उलटसुलट करून दाखवले. दोन्ही वेळा तिनं त्याच फोटोवर बोट ठेवलं आणि पुन्हा दाखवायला गेलो तर चिडली. "पत्रकार हायस नं? मंग मानसाचं तोंड वाचता येत न्हाई तुला?"

त्या फोटोची चौकटीतली प्रत मृत्युंजयनं आज दुपारी घरी आणून दिली. मी ती दादांच्या मांडीवर ठेवली. दादांनी दोन्ही हातांनी धरली. हात थरथरत होते, त्यामुळे काचेवर उन्हाचा तुकडाही थरथरत होता. ते बराच वेळ फोटोकडे पाहत राहिले. माय त्यांच्या शेजारी येऊन बसली.

फोटो पाहून दादा हसले, असं मायचं म्हणणं आहे. विशाखा म्हणते, नक्की सांगता येणार नाही. मी त्या वेळी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. दादांना विचारता आलं असतं. मी विचारलेलं नाही.